मंगळवारची जीप

मला एका जागी बसवत नाही. हा स्वभाव आहे, आजार नाही, असं मी डॉक्टर म्हणून सांगत आलो. माझ्या बायकोचं मत वेगळं होतं. जेवताना मी पाटावरून दोनदा उठायचो. दवाखान्यात एक पेशंट सदऱ्याची बटणं लावत असायचा तेवढ्यात पुढच्याला हाक मारून मोकळा व्हायचो. अशा माणसानं पोस्टमन व्हायला हवं होतं, निदान चालण्याचा पगार तरी मिळाला असता, असं ती म्हणायची. असा मी, आणि त्या वर्षी दसऱ्यापासून मार्गशीर्ष संपेपर्यंत मला एक साधी गोष्ट ठरवता येईना. जीपचं इंजिन बदलायचं की नाही.

जीप लढाईतली होती. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं सामान सरकारनं विकायला काढलं, तेव्हा विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात अशा जीपा रांगेनं उभ्या होत्या. दोन-तीन वर्षांत त्याच छावणीच्या बराकींत निर्वासित कुटुंबं राहायला आली आणि मैदानाचं रूप पार बदललं. मी घेतलेल्या जीपला वर टप नव्हता आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. पुढच्या बैलगाडीला मागे टाकायचं तर शेजारी बसलेल्याला विचारावं लागे, समोरून काही येतंय का. शेजारी बहुतेक वेळा बायको असे आणि ती नेहमी ‘थांबा’ म्हणत असे.

माझा दवाखाना कल्याणात, पण पावसाळा सोडून दर मंगळवारी मी मुरबाडच्या अंगाला कातकऱ्यांच्या वाड्यांवर जात असे. मोठा रस्ता सोडला की फाट्यापासून शेवटच्या वाडीपर्यंत चार मैल बैलगाडीची वाट, मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सरळ अंगावर येणारा चढ. वाडीवर कुणी माझी वाट बघत बसत नसे. जीप फाट्यावरून आत वळली की तिचा आवाज डोंगरापर्यंत जायचा, आणि मी चढ चढून पोहोचेपर्यंत दुखणेकरी चिंचेखाली येऊन बसलेले असायचे. लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी आली की मात्र उलटं व्हायचं. तो कोळशाच्या भट्ट्यांवर माणसं न्यायचा. एकदा लॉरीत चढलेला माणूस पाऊस तोंडावर येईपर्यंत घरी परतत नसे. त्यामुळे लॉरीचा आवाज आला की सगळी वाडी रानात पसार. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

त्या वाडीवर एक बाई होती, विशी-बाविशीची. तिचं पहिलं मूल अडलं, तिला झोळीत घालून फाट्यापर्यंत आणेपर्यंत ते गेलं. दुसऱ्या वेळी मी तिथेच होतो. कळा सुरू झाल्या होत्या, मूल आडवं होतं, मी तिला जीपमध्ये घातलं आणि निघालो. ओढ्यात उतरलो तोवर ठीक, पण पलीकडची दरड चढताना इंजिन उकळलं. ओढ्याचं पाणी हंड्यानं आणून ओतलं, थांबलो, परत चालू केलं, परत उकळलं. दोन तास गेले. कल्याणला पोचलो तेव्हा बाई जगली, मूल नाही. तेव्हापासून त्या इंजिनावर माझा राग होता, आणि आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. माझ्या अंदाजानं माघाच्या पहिल्या आठवड्यात ती मोकळी होणार होती. हे मूल मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बाकी सगळी चर्चा मी इंजिनाची करत असे, पण मनात एवढंच होतं.

माझा मिस्त्री ठाण्याला खोपटला, एस.टी.च्या डेपोच्या मागे. लढाईत तो लष्करी वर्कशॉपमध्ये होता, त्यामुळे जीपच्या पोटात काय कुठे आहे हे त्याला डोळे मिटून कळायचं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा आणि मूठ कानाला. मी एकदा माझा स्टेथोस्कोप काढून दिला. तो त्याला इतका आवडला की परत मिळवताना माझ्या नाकी नऊ आले.

“डॉक्टर, हे एकदा बोअर करून झालंय,” तो म्हणाला. “परत बोअर केलं तर सिलिंडरची भिंत पापड होईल. पेशंट जगेल, पण त्याला चढावर नेऊ नका.”

“मला चढावरच न्यायचंय.”

“मग माझ्याकडे एक डिझेल हाय. चार सिलिंडर. लाकडाच्या ठेकेदाराची छोटी लॉरी घाटात उलटली, तिचं. बॉडीचा चुरा झाला, पण इंजिनला खरचटलं पण नाय. पेट्रोलवालं पळतं डॉक्टर, डिझेल ओढतं. तुम्हाला ओढणारं पायजे.”

कुठला ठेकेदार, असं मी विचारलं. वाडीवर येणारा तोच निघाला. मी हसलो आणि म्हणालो, बरं झालं, डोंगरातल्या वाटा माहीत असलेलं इंजिन आहे. आपला विनोद मला फार आवडला, घरी येऊन बायकोलाही सांगितला.

पण काम तीन आठवड्यांचं होतं. डिझेलचं इंजिन वजनाला भारी, त्यासाठी चॅसीवर नवे आधार बसवायचे, गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट कातून घ्यायची, पुढच्या स्प्रिंगांना जादा पट्ट्या घालायच्या. त्या तीन आठवड्यांत बाई आधीच अडली तर काय करायचं? आणि नाही बदललं, जीप दारात ठेवली आणि ती परत दरडीवर उकळली तर? सकाळी उठलो की मी ‘बदलायचं’ म्हणायचो. दुपारी दवाखाना आटोपेपर्यंत ‘नको’ व्हायचं. संध्याकाळी पायांत वहाणा सरकवून स्टेशनवर, तिथून ठाणे, खोपटला जाऊन मिस्त्रीला पुन्हा तेच तीन प्रश्न. तोही पुन्हा तीच तीन उत्तरं द्यायचा आणि चहा मागवायचा. एकदा मला लांबून येताना बघून तो ट्रकच्या खाली सरकला. मी खाली वाकून तिथे विचारलं.

बायकोनं एक तोड काढली होती. “त्या मुलीलाच इथे आणा. मागची खोली रिकामी आहे, मी बघते तिच्याकडे. म्हणजे तुमच्या इंजिनाचं काय व्हायचं ते होऊ दे.” तोड शहाणपणाची होती. बाई आली, सासूबरोबर आली, दोन दिवस राहिली. बायकोनं तिला तूप-भात वाढला, ती भिंतीकडे तोंड करून जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर खोलीत कुणी नाही, घोंगडी घडी करून ठेवलेली. दोघी अंधारातच उठून पायी वाडीला चालत्या झाल्या होत्या. पुढच्या मंगळवारी मी तिच्यावर ओरडलो तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या घरात आवाज लय. झोप नाय लागत.” मला रागही आला आणि हसूही.

मग डोंबिवलीला मेव्हण्याकडे गेलो. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, फोर्टात एका कचेरीत होता. त्याच्याकडे साधी सायकल नव्हती, पण मत प्रत्येक वाहनाबद्दल होतं.

“भाऊजी, अशी गाडी ना धड जुनी राहते ना धड नवी होते. विकून टाका.”

“आणि वाडीवर काय तुझ्या खांद्यावर बसून जाऊ?”

“मग शास्त्रशुद्ध पद्धतीनं ठरवा,” असं म्हणून त्यानं लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे दोन रकाने आखले, एक बाजूचा, एक विरुद्ध. आम्ही दुपारभर ते भरत बसलो. ओढ. वजन. स्प्रिंगा. थंडीत सुरू होण्याची खात्री. सुटे भाग मिळणं. डिझेल कल्याणच्या पुढे कुठे मिळेल. आवाजसुद्धा आम्ही लिहिला होता. विरुद्धच्या रकान्यात, खालून दुसरा: ‘आवाज कर्कश. सवय होईल.’ त्यावर दोघांनीही मान डोलावली. बाजूचा रकाना लांब झाला. तो पाहून मला हायसं वाटायला हवं होतं, पण स्टेशनवर येईपर्यंत मी पाकीट चुरगळून टाकलं होतं.

शेवटी निर्णय माझा नाहीच झाला, तो जीपनं केला. मार्गशीर्षातल्या शेवटच्या मंगळवारी रिकामी जीप, मी एकटा, पेटीत औषधं एवढंच वजन, तरी ती ओढ्याच्या दरडीवर उकळली. झाकण उघडायला गेलो तर हात भाजला. भाजलेल्या हातानं मी त्या इंजिनाला अशा शिव्या दिल्या की ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायका हंडे ठेवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जीप खोपटला नेऊन सोडली आणि म्हणालो, काढ ते.

ते तीन आठवडे मी घरच्यांचा जीव खाल्ला. दर मंगळवारी एस.टी.नं फाट्यापर्यंत जायचो आणि तिथून चार मैल चालत. आवाज न करता आलेला डॉक्टर वाडीला नवीन होता, मला घरोघर जाऊन माणसं गोळा करावी लागत. गाडी कुठाय, असं सगळे विचारायचे. मी म्हणायचो, दुखणाईत आहे. “तिला सुई मार,” म्हातारी म्हणाली, म्हणजे त्या बाईची सासू, आणि सगळी वाडी हसली. मीही हसलो. गाडीला काय झालंय, काय बसवतोय, हे सांगत बसलो नाही. त्यांना इंजिनातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं. मिस्त्री, मेव्हणा, बायको, डेपोतले दोन ड्रायव्हर, दवाखान्यात बसलेले पेशंट, ज्याला म्हणून तोंड होतं त्याला मी त्या इंजिनाबद्दल विचारलं होतं. वाडीवर मात्र अवाक्षर काढलं नाही.

शेवटच्या मंगळवारी बाईला तपासलं. पायांवर थोडी सूज होती, पण मूल सरळ होतं, ठोके चांगले होते. मी तिला म्हटलं, पुढच्या मंगळवारी गाडी घेऊन येतो आणि तुला घेऊनच जातो, आता पळून जायचं नाही. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं मान डोलावली. “मंगळवारी येईन,” ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की फाट्यापर्यंतचे चार मैल मी जवळजवळ धावत आलो.

जीप शुक्रवारी सकाळी मिळाली. मिस्त्रीनं हँडल मारलं नाही, नुसतं बटण दाबलं आणि ती सुरू झाली. मी स्टेथोस्कोप लावून चारही सिलिंडर ऐकले, भोवतीची पोरंसोरं हसत होती तरी ऐकले. खणखणीत ठोके होते. कल्याणपर्यंत येताना कितीतरी दिवसांनी मी गाणं म्हणत होतो.

घरापुढे जीप उभी केली आणि इंजिन बंदच केलं नाही. बायको दारात आली.

“मी जरा चढ बघून येतो,” मी म्हणालो.

“दवाखान्यात माणसं बसली आहेत. आणि वाडीवर तुम्ही मंगळवार सांगितलाय. चार दिवस दम धरा की.”

“दरडीवर उकळते का ते आज कळायला नको? मंगळवारी ती मुलगी गाडीत असणार.”

ती म्हणाली ते बरोबर होतं आणि मी म्हणालो तेही अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण त्याहून साधं होतं. नवीन खेळणं हाती आलं होतं आणि मला मंगळवारपर्यंत थांबायचं नव्हतं.

फाट्यावरून आत वळलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओढा ओलांडला, दरडीला लागलो. इंजिननं हूं की चूं केलं नाही. ज्या दगडापाशी दर वेळी पाणी ओतायला थांबायचो तो दगड मागे गेला आणि मी एकट्यानंच जोरात हसलो. चढ संपवून चिंचेखाली आलो. तिथे कुणी नव्हतं. शुक्रवार आहे, असं म्हणून मी उतरलो. पहिल्या झोपडीत डोकावलो, चुलीवर काहीतरी शिजत होतं, विस्तव लाल. दुसऱ्या झोपडीत अर्धी विणलेली टोपली. कोंबड्या होत्या, एक कुत्रा होता, माणूस नव्हतं. इंजिन मागे ठक ठक चालूच होतं. ते ऐकता ऐकता मला ठेकेदाराची लॉरी आठवली. हा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता, आणि तो ऐकल्यावर काय करायचं हे लहान पोरालासुद्धा पाठ होतं.

मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. ओरडलो, मी आहे, डॉक्टर आहे. रानातून काही उत्तर आलं नाही. ठेकेदाराची माणसंही काय वाटेल ते ओरडत असतील. मग मी चिडलो आणि त्यांना माझ्या नेहमीच्या शिव्या घालायला लागलो, मूर्ख, बहिरे, अंगठेबहाद्दर, जे जे मी दर मंगळवारी घालत असे. तेव्हा वरच्या झाडीतून कुणीतरी म्हणालं, “डाक्तरच हाय.” हळूहळू एकेक जण बाहेर आला. ती नव्हती.

म्हातारी सगळ्यांत शेवटी आली, तिला धाप लागली होती. “पडली,” एवढंच म्हणाली आणि वळली. मी तिच्यामागून चढलो. घळीत एका ऐनाच्या झाडाखाली ती कुशीवर झोपली होती. पळताना पोटावर पडली होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं आणि पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. मी कान लावला. परत लावला. माझ्या स्वतःच्या धापेशिवाय मला काही ऐकू येईना.

चौघांनी तिला उचलून खाली आणलं. जीप पाहिल्यावर तिनं झोपडीच्या मेढीच्या खांबाला हात घातला आणि सोडेना. ही आपलीच गाडी आहे, हे तिला सासूनं सांगितलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “ती नाय ही.” मी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांची ताकद मला अजून आठवते.

पुढचं इंजिनाविषयी सांगायचं तर त्यानं काम चोख केलं. दरड उतरताना ब्रेकवर पाय ठेवायचं काम पडलं नाही, ओढ्यापलीकडचा चढ ते एका दमात चढलं, कुठे उकळलं नाही, कुठे थांबलं नाही. मागच्या खेपेला लागला त्याच्या निम्म्याहून कमी वेळात आम्ही कल्याणला पोचलो. मिस्त्री, मेव्हणा, पाकिटावरचा तो लांब रकाना, सगळे बरोबर ठरले. प्रसूतिगृहात माझ्या ओळखीच्या डॉक्टरीण बाई होत्या. पडल्यामुळे वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती. मुलगी होती, पुऱ्या दिवसांची, अंगानं चांगली भरलेली. जन्मली, पण तिनं श्वास घेतलाच नाही. आईचा रक्तस्राव थांबायला तास गेला, पण थांबला.

मी व्हरांड्यात आलो. म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिला पाणी हवं का विचारलं, तिनं नको म्हणून मान हलवली. मी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं आणि मी पावलं मोजत होतो.

तेवढ्यात बाईचा नवरा आला. तो कल्याणला गवताच्या वखारीत गठ्ठे बांधायला होता. कुणीतरी त्याला निरोप दिला होता, पण अर्धाच: बायको रानात पडली, डॉक्टरनं उचलून आणली. त्याच्या केसांत, मानेवर गवताच्या काड्या होत्या. आत जाऊन तो बायकोजवळ उभा राहिला, बाहेर आला आणि माझ्यासमोर थांबला.

“तुझा वार तर मंगळवार,” तो म्हणाला. “आज कसा आलास?”

म्हातारीनं मान वर केली.

“तू आज आलास म्हणून ही वाचली,” तो म्हणाला. “नायतर रानातच सरली असती. तुला कसं कळलं?”

सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. मी म्हणालो, “मनात आलं, म्हणून आलो.”

तो वाकला आणि दोन्ही हातांनी त्यानं माझे पाय धरले. त्याच्या पाठीवरून म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, ती त्या आवाजानं सुनेचा हात धरून पळाली होती. मी पाय मागे घेतले नाहीत.